काटेकोरांटीची लागवड आणि निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटेकोरांटी पाण्यावाचून सहसा मरत नाही, मरते ती जास्तीच्या पाण्यानं. आणि फुलत नाही, ती बहुतेक वेळा नको त्या महिन्यात चाललेल्या कात्रीमुळे. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच दोन गोष्टींपाशी येतात. महिने आणि मापं महाराष्ट्र-गोव्याचं हवामान धरून दिली आहेत.

काटेकोरांटी म्हणजे नेमकं कोणतं झाड?

माळरानावर, बांधावर, गावाबाहेरच्या पडक्या भिंतींच्या कडेला आणि जुन्या कुंपणांतून वाढणारं हे कमरेएवढं, कधी छातीएवढं होणारं बहुवर्षायू झुडूप. पिवळी कोरांटी, वज्रदंती हीसुद्धा त्याचीच नावं. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस, कुळ अडुळसा आणि अबोलीचं.

ओळखायच्या खुणा अशा. पानं समोरासमोर, लांबट अंडाकृती, ४ ते १० सेंटीमीटर, टोकाला बारीक टोचणारं कुसळ. पानाच्या बगलेत एक ते दोन सेंटीमीटरचे सरळ, फिकट काटे, बहुधा तीन-चारांच्या झुबक्यात. फूल पिवळं, कधी केशरी झाक असलेलं. पाच पाकळ्यांपैकी चार वर एका बाजूला आणि एक खाली सुटी. दोन लांब पुंकेसर फुलाबाहेर डोकावतात. कळीखालची निदलं दोन मोठी आणि दोन अरुंद अशा जोड्यांत असतात. मोठ्यांच्या टोकालाही काटा असतो, म्हणून फुलं खुडताना बोटं सांभाळा.

नर्सरीत 'वज्रदंती' मागितली तर हेच झाड मिळेल ना?

खात्री नाही. घोटाळा नेहमी दोन झाडांशी होतो.

पहिलं मॉरिशसकडून आलेलं बार्लेरिया लुप्युलिना. त्याचंही फूल पिवळं, त्यालाही काटे, आणि विकताना नावही अनेकदा वज्रदंतीच सांगतात. फरक पानात पाहा. लुप्युलिनाचं पान अरुंद, गडद हिरवं आणि मधली शीर लालसर. काटे जोडीनं आणि खाली झुकलेले. फुलं फांदीच्या टोकाला एकावर एक बसलेल्या खवल्यांच्या कणसातून बाहेर येतात. काटेकोरांटीच्या पानाची शीर हिरवीच असते आणि फुलं पानांच्या बगलेतून व शेंड्याकडे येतात, असं घट्ट कणीस होत नाही.

दुसरी बागेतली निळी-जांभळी किंवा पांढरी कोरांटी, बार्लेरिया क्रिस्टाटा. तिला बगलेतले काटे नसतात आणि फूल पिवळं नसतं, त्यामुळे फूल असताना घेतली तर फसगत होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नुसती रोपं विकायला असतात तेव्हा मात्र पानाच्या बगलेत बोट फिरवून पाहा. टोचलं तर पुढचं बोलणं.

ऊन किती लागतं?

रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन. याहून कमी उन्हातही झाड जगतं, पण फांद्या लांबट, पेरांतलं अंतर जास्त, फुलं मोजकी आणि सगळी उन्हाच्या बाजूला. आंब्याखाली किंवा इमारतीच्या उत्तरेला लावलेल्या कोरांटीला कितीही खत घातलं तरी ती भरगच्च होत नाही. पश्चिमेकडचं कडक ऊन तिला चालतं. बाकी झाडं जिथे करपतात अशी गच्चीची कड किंवा तापणाऱ्या भिंतीची बाजू तिच्यासाठी खुशाल निवडा.

माती कशी हवी?

निचऱ्याची. बाकी फार नखरे नाहीत. मुरमाड, हलकी, खडकाळ माती उत्तम. मध्यम काळी चालते. भारी काळ्या चिकण मातीत मात्र खड्ड्यात पाणी साचून राहतं, कारण आजूबाजूची माती घट्ट आणि खड्ड्यातली पोकळ, म्हणून सगळीकडचं पाणी खड्ड्याकडे धावतं. अशा जमिनीत खड्डा करून त्यात वाळू भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो उलटा पडतो. त्याऐवजी २० ते २५ सेंटीमीटर उंचीचा वरंबा करून त्यावर लावा.

कोकणात आणि गोव्यात जगेल का?

जगेल, फक्त सपाटीवर लावू नका. जांभ्याच्या उतारावर, गडग्याच्या कडेला किंवा उंच वाफ्यात लावा. जुलैच्या झडीत बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवू नका. तेच आच्छादन देशावर मार्चनंतर उपयोगी पडतं, कोकणात जुलैमध्ये बुंधा कुजवतं.

लागवड कधी आणि कशी करायची?

मृगाचा पाऊस होऊन जमिनीत ओल मुरली आणि वाफसा आला की. जूनअखेर ते जुलै हा उत्तम काळ. ऑगस्टमध्येही चालते, पण तेव्हा लावलेल्या झाडाला पहिल्या हंगामात फुलं कमी येतात.

खड्डा ३० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल पुरतो. निघालेल्या मातीत अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको, त्यानं हुमणीला आमंत्रण मिळतं. पिशवी फाडून मातीचा गोळा न फोडता रोप ठेवा. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत राहू द्या. बुंध्याशी मातीचा ढीग करून तो गाडण्याची सवय अनेकांना असते. खोड जिथे मातीत शिरतं तिथे सतत ओल राहिली की साल काळी पडते आणि पहिल्याच पावसाळ्यात रोप आडवं होतं.

माती हातानं दाबा, पायानं तुडवू नका. एक बादली पाणी द्या. मग शेंडा दोन पेरं खुडून टाका. हे करायला जीव होत नाही, पण न खुडलेलं रोप एका काठीसारखं वर जातं आणि बुंध्याशी उघडं राहतं.

सुटी झाडं लावायची असतील तर दोन झाडांत ७५ ते ९० सेंटीमीटर अंतर ठेवा.

छाटकलमांनी रोपं कशी करायची?

घरच्या घरी रोपं करायचा हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. जून-जुलै किंवा छाटणीनंतर निघालेल्या फुटी पक्व झाल्यावर करा.

फांदी अशी निवडा जी अगदी हिरवी लुसलुशीत नाही आणि पार करडी, लाकडी झालेलीही नाही. वाकवल्यावर थोडी वाकून मग मोडणारी फांदी योग्य. फुलं किंवा कळ्या असलेली घेऊ नका. १२ ते १५ सेंटीमीटरचे तुकडे करा, प्रत्येकावर तीन-चार पेरं हवीत. खालचा काप पेराच्या लगेच खाली सरळ घ्या, वरचा तिरका. यामुळे उलटं खोचलं जाण्याची भीती राहत नाही. खालच्या दोन पेरांवरची पानं आणि काटे कात्रीनं काढा. वरची पानं मोठी असतील तर अर्धी कापा.

माध्यम निम्मी भरड वाळू आणि निम्मं कोकोपीट. खत अजिबात नको. मूळ फुटण्याची पावडर असेल तर टोक बुडवून झटका, नसेल तरी पावसाळ्यात काम होतं. आधी काडीनं भोक पाडा, मग कलम अर्धं आत जाईल असं खोचा आणि बाजूनं दाबा. सावलीत किंवा ५० टक्के शेडनेटखाली ठेवा.

तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. नवी पानं दिसली म्हणजे मुळं आली असं मात्र समजू नका. फांदीत साठलेल्या अन्नावर दोन पानं निघतात आणि मुळं नसतील तर तीच आठवड्याभरात माना टाकतात. ओढून पाहण्याचा मोह आवरा, कारण कोवळी मुळं त्याच ओढीनं तुटतात. पिशवीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळं दिसेपर्यंत थांबा आणि साधारण दोन महिन्यांनी जमिनीत हलवा.

कलम खालून काळं पडत वर गेलं तर माध्यम जास्त ओलं होतं किंवा फांदी फार कोवळी होती. वरून वाळत खाली आलं तर ऊन-वारा जास्त लागला.

बियांपासून होते का?

होते. फक्त बी हाती लागणं हीच खरी कसरत. प्रत्येक बोंडात दोनच बिया असतात आणि पिकलेलं बोंड फटकन उकलून त्या दूर फेकतं. तपकिरी होऊ लागलेली, पण अजून मिटलेली बोंडं हिवाळ्याच्या शेवटी काढा आणि झाकणाच्या डब्यात किंवा कागदी पिशवीत ठेवा. उघड्या ताटात ठेवली तर बिया खोलीभर शोधत बसावं लागतं. चपट्या, रेशमी लव असलेल्या बिया निवडून कागदाच्या पुडीत जूनपर्यंत कोरड्या ठेवा.

पेरण्यापूर्वी बी भिजवू नका. इतर बियांच्या बाबतीत चांगली असलेली ही सवय इथे नडते. पाणी लागताच बियांवरची लव फुगते, चिकट होते आणि बिया एकमेकींना घट्ट धरून बसतात. निसर्गात याच चिकटपणामुळे बी मातीला धरून राहतं. म्हणून कोरडंच बी दोन-दोन सेंटीमीटरवर ठेवा, वर अर्धा सेंटीमीटर बारीक माती टाका आणि मग झारीनं पाणी द्या. साधारण एक-दोन आठवड्यांत उगवण होते. चार खरी पानं आली की पिशवीत हलवा.

पाणी किती द्यायचं?

लावल्यापासून पहिले पंधरा दिवस पावसानं उघडीप दिली तर दोन-तीन दिवसांआड. पावसाळा संपल्यावर पहिल्या हिवाळ्यात दहा दिवसांनी एकदा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, झाडाला चार-पाच लिटर, बुंध्यापासून वीतभर लांब केलेल्या आळ्यात. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एकदा दिलं तरी पुरे. मुरलेली झाडं त्याशिवायही तगतात, फक्त पानं गाळतात.

ठिबकच्या ओळीत गुलाब-मोगऱ्यासोबत हिला बसवू नका. त्यांना रोज लागणारं पाणी हिची मुळं कुजवतं. वरून फवारून पाणी देण्याचाही उपयोग नाही, त्यानं पानांवर ठिपके वाढतात.

खत कोणतं?

वर्षातून एकदा, जूनमध्ये, झाडामागे दोन ओंजळी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. एवढंच. युरिया किंवा सतत दिलेलं द्रवखत यांनी पानं मोठी, गडद आणि लुसलुशीत होतात, मावा येतो आणि फुलं मागे पडतात. हलक्या जमिनीत उपाशी वाटणारी कोरांटीच जास्त फुलते.

छाटणी कधी आणि किती?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

कोरांटी नव्या फुटीवर फुलते. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या बगलेत आणि शेंड्याकडे कळ्या धरतात आणि साधारण सप्टेंबरअखेरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत बहर राहतो. म्हणजे कात्री चालवायचे महिने ठरलेलेच आहेत.

मोठी छाटणी बहर ओसरल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये. सगळ्या फांद्या जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर आणा. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळाशी काढा. झुडूप मधून मोकळं दिसायला हवं, म्हणजे पावसाळ्यात हवा खेळते. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीनं फांदी चिरडते आणि तिथून ती मागे वाळत येते. काप बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या वर, अर्धा सेंटीमीटर सोडून. छाटल्यावर एकदा भरपूर पाणी द्या. मग विसरून जा.

हलकी छाटणी जूनअखेर ते जुलैमध्ये. नव्या फुटी वीतभर झाल्या की शेंडे खुडा. एका शेंड्याचे दोन-तीन होतात आणि तितक्याच फुलांच्या जागा वाढतात. हवं तर जुलैअखेर पुन्हा एकदा खुडा.

पंधरा ऑगस्टनंतर कात्री बंद. गणपतीच्या आधी अंगण नीटनेटकं दिसावं म्हणून त्या सुमारास कुंपण छाटण्याची घाई सगळीकडे असते. त्या एका छाटणीत सगळा बहर कचऱ्यात जातो आणि मग डिसेंबरात विचारणा होते की झाड हिरवंगार आहे, मग फुलं का नाहीत.

जुनं, खाली लाकूड आणि वर झुपका असं झालेलं झाड एकदम तळापर्यंत कापू नका. पहिल्या वर्षी निम्म्या जुन्या फांद्या जमिनीलगत, दुसऱ्या वर्षी उरलेल्या. तळातून नवे धुमारे येताना दिसले की मगच पुढची कात्री.

झाड तर छान आहे, फुलं का येत नाहीत?

कारणं याच क्रमानं तपासा: उशिरा झालेली छाटणी, कमी ऊन, जास्त नत्र, ऑक्टोबरातही रोज दिलं जाणारं पाणी. बियांपासून केलेलं रोप पहिल्या वर्षी फुललं नाही तर त्यात बिघाड काही नाही, दुसऱ्या वर्षाची वाट पाहा.

कुंपणासाठी लावायची असेल तर?

फार जुना उपयोग. गुरं काट्यांमुळे लांब राहतात, शेळ्या मात्र कोवळे शेंडे खातात, म्हणून पहिलं वर्ष बाजूला काटक्या लावाव्या लागतात.

एका ओळीची वई विरळ राहते. दोन ओळी घ्या, ओळींत ४० सेंटीमीटर आणि रोपांत ४५ सेंटीमीटर अंतर, दुसऱ्या ओळीतलं रोप पहिलीतल्या दोन रोपांच्या मध्ये. दहा मीटरला दोन्ही ओळी मिळून साधारण ४५ रोपं लागतात. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला पाच-सहा जास्तीची पिशवीत तयार ठेवा, कारण दुसऱ्या वर्षी लावलेलं लहान रोप मोठ्यांच्या सावलीत मागेच राहतं.

पहिल्या पावसाळ्यात उंची २५ सेंटीमीटर झाली की शेंडे खुडा, ४० झाली की पुन्हा. तळ भरल्याशिवाय वर जाऊ देऊ नका. वईचा आकार खाली रुंद, वर किंचित निमुळता ठेवा. वर रुंद झाली की खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळतात आणि कुत्र्या-कोंबड्यांना वाट होते. कुंपण म्हणून ती मीटरभर उंचीपर्यंतच चांगली. त्याहून उंच भिंत हवी असेल तर दुसरं झाड निवडा.

रस्त्यालगत, पायवाटेलगत आणि शाळेच्या दारात लावू नका. वाटेपासून निदान ६० सेंटीमीटर आत घ्या.

कुंडीत जमेल का?

चांगली जमते. १२ इंची कुंडी, तळाला भोकं मोकळी. मिश्रण: दोन भाग बागेची माती, एक भाग भरड वाळू किंवा बारीक मुरूम, एक भाग गांडूळखत. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका. ते वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं राहतं, आणि मूळकूज तिथूनच सुरू होते. नर्सरीतून आणलेलं रोप तशा गोळ्यात असेल तर बाहेरचं सैल कोकोपीट हलकेच झाडून मगच लावा.

बोट खुपसून पाहा. वरची चार-पाच सेंटीमीटर माती कोरडी असेल तरच पाणी. खाली ताटली ठेवलीच तर साचलेलं पाणी लगेच फेका. दर दोन वर्षांनी मार्चमधल्या छाटणीसोबत झाड काढून बाहेरची एक चतुर्थांश मुळं कापा, नवी माती भरा आणि त्याच कुंडीत परत लावा.

बाल्कनी अरुंद असेल आणि घरात रांगतं मूल असेल तर हे झाड नकोच.

पानं पिवळी पडून गळत आहेत. मरतंय का?

महिना कोणता? एप्रिल-मे असेल आणि फांदी नखानं खरवडल्यावर आत हिरवी दिसत असेल तर ही नेहमीची पानगळ आहे. एक पाणी द्या, मृग बरसला की फुटेल. घाबरून रोज पाणी घालायला सुरुवात केली तर मात्र नक्की मरेल.

पावसाळ्यात खालची पानं पिवळी आणि माती चिकट ओली असेल तर पाणी साचतंय, चर काढा. पानं हिरवी असतानाच एखादी फांदी किंवा सगळं झाड एकाएकी मान टाकत असेल आणि बुंध्याची साल काळी, मऊ असेल तर ती मूळकूज आहे. त्यावर इलाज शोधत बसण्यापेक्षा वरच्या निरोगी फांद्यांची छाटकलमं लगेच करा, झाड उपटा आणि त्या जागी वर्षभर दुसरं झुडूप लावू नका.

किडी कोणत्या लागतात?

फार नाही. पिठ्या ढेकूण पेरांच्या बेचक्यात आणि काट्यांच्या झुबक्यात कापसासारखा बसतो, तिथे बोट पोचत नाही. जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. मुंग्या चिकट गोडव्यासाठी ढेकणांना सांभाळतात आणि इकडून तिकडे नेतात.

कुंडीतल्या झाडांना एप्रिलमध्ये लाल कोळी लागतो. पानांवर बारीक पांढरट ठिपके आणि मागे जाळी दिसते. पानांची मागची बाजू दोन-तीन दिवसांआड पाण्यानं धुतली तरी आटोक्यात येतो. दाट वईत हिवाळ्याच्या सुरुवातीला भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पिठासारखी बुरशी, दिसते. आतल्या फांद्या विरळ करणं हाच तिच्यावरचा टिकाऊ उपाय.

काळसर, काटेरी अळ्या पानं खात आहेत. काय फवारू?

काहीच नाही. भिरभिरी, म्हणजे पॅन्सी गटातल्या फुलपाखरांच्या काही जाती कोरांटीवर अंडी घालतात आणि या अळ्या त्यांच्याच. अंगावरच्या फांदीदार काट्यांमुळे त्या भीतिदायक दिसतात, एवढंच. पानं कुरतडली जातात, झाडाला मोठा धक्का बसत नाही आणि पुढच्या फुटीत भरून निघतं. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या काडीवर घेऊन मोठ्या झाडावर सोडा. फुलांवर मधमाश्या, भुंगे आणि शिंजीरही येतात, म्हणून बहरात कोणतीही फवारणी, कडुनिंबाचीसुद्धा, टाळलेली बरी.

काटे लागले तर?

साबणपाण्यानं धुवा, चिमट्यानं काटा सरळ ओढा, आडवा वळवू नका, टोक आत मोडतं. सूज वाढत गेली, पू झाला किंवा डोळ्याजवळ लागलं तर डॉक्टरकडे. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी घेतलेलं असू द्या.

छाटणीला चामड्याचे हातमोजे आणि लांब दांड्याची कात्री वापरा. कापडी मोज्यांतून काटे आरपार जातात. खरा त्रास छाटणीनंतर होतो: वाळलेल्या काटक्या पाचोळ्यात मिसळतात आणि अनवाणी पायाला महिन्यानंतरही लागतात. म्हणून आधी खाली जुनं पोतं किंवा ताडपत्री पसरा, छाटलेलं सगळं त्यावरच पडू द्या. हा कचरा कंपोस्टमध्ये टाकू नका, पानं कुजतात पण काटे तसेच राहतात आणि पुढे खत हातानं पसरताना टोचतात.

एकदा लावली की सगळीकडे पसरते का?

थोडीफार. बिया आसपास पडून पावसाळ्यात रोपं उगवतात. जुलैमध्ये ओल्या मातीतून ती बोटानं उपटता येतात. दोन वर्षं दुर्लक्ष केलं तर कुदळ लागते. नको असतील तर बोंडं हिरवी असतानाच कापून टाका.

रानातून उपटून आणू का?

उपटू नका. मोठ्या झुडपाची मुळं खोल आणि मोजकी असतात, ती तुटली की झाड बहुधा जगत नाही. बांधाच्या मालकाला विचारून चार-सहा छाटकलमं घ्या, तेवढ्यानं झाडाला काही होत नाही. राखीव जंगलातून आणि अभयारण्यातून काहीही आणायचं नाही, कलमंसुद्धा.

शिवाय सह्याद्रीत कोरांटीच्या इतरही जाती आहेत आणि फूल नसताना त्या सहज ओळखू येत नाहीत. मोठ्या पांढऱ्या फुलांची देवकोरांटी आणि अलेक्झांडर गिब्सन यांचं नाव दिलेली बार्लेरिया गिब्सोनी या पश्चिम घाटाच्या परिसरापुरत्याच मर्यादित आहेत. १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ छापणाऱ्या दोघांपैकी गिब्सन एक. पिवळीच्या नादात एखादी अशी जात उपटली गेली तर ते नुकसान भरून येणारं नाही.

दातांसाठी आणि औषध म्हणून वापरतात ते कसं?

दात दुखल्यावर पानं चावणं, सालीचं चूर्ण दंतमंजनात घालणं हे वापर जुने आहेत आणि वज्रदंती हे नाव त्यातूनच रूढ झालं. आयुर्वेदात सहचर, सैरेयक या नावांखाली कोरांटी येते. मात्र केरळात सहचर म्हणून वापरतात ती कारवीच्या गटातली वेगळीच वनस्पती. तेव्हा नुसतं नाव जुळलं म्हणून झाड तेच असं धरू नका.

बागकाम करणाऱ्यांनी मात्रा सांगू नये. पोटात घेण्याआधी वैद्यांना विचारा. मुळांच्या अर्कानं नर उंदरांची प्रजननक्षमता घटल्याची नोंद प्रयोगांत झालेली आहे, त्यामुळे 'झाडपाला आहे, काय होणार' हा हिशेब इथे लागू होत नाही. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी तर घरगुती प्रयोग करूच नयेत. दाताचं दुखणं दोन दिवसांत गेलं नाही तर दंतवैद्य गाठा, किडलेला दात पानानं भरून येत नाही.

परदेशात राहतो. तिकडे लावता येईल का?

ऑस्ट्रेलियात असाल तर नाही. तिथे ही पर्यावरणाला धोकादायक तणांच्या इशारा यादीत आहे आणि नॉर्दर्न टेरिटरीत घोषित तण आहे. इथे जी बांधावर गुपचूप राहते ती तिथे मोकळ्या माळांवर काटेरी जाळ्या करून बसते. दिसली तर स्थानिक तणनियंत्रण विभागाला कळवा, शेजाऱ्याला कलम देऊ नका. प्रशांत महासागरातल्या बेटांवरही ती अशीच फोफावली आहे.

इतर देशांत आधी तिथली तणांची यादी आणि बियाणं आयातीचे नियम पाहा. भारतातून सामानात बी किंवा कलम लपवून नेणं बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर आहे. थंड प्रदेशात ही उघड्यावर टिकत नाही, हिमतुषारानं फांद्या काळ्या पडतात. कुंडीतच ठेवा, रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जाऊ लागलं की आत, सगळ्यात जास्त ऊन येणाऱ्या खिडकीशी घ्या आणि वसंतापर्यंत पाणी महिन्यातून एक-दोनदाच द्या. तिथे छाटणीचं वेळापत्रकही बदलतं: मोठी छाटणी बाहेर काढताना, शेंडे खुडणं महिन्याभरानं, आणि त्यानंतर कात्री नाही.